कागदावरचा वाढदिवस

मित्रांनो, माझी ओळख करून द्यायची म्हटलं की पंचाईत होते. मी दोरी नाही, दांडी नाही आणि नुसता खांबही नाही. कपडे वाळत घालण्यासाठी परसात रोवलेला मी एक जुना फिरता खांब आहे. मला चार लोखंडी हात आहेत, त्या हातांतून तारा ताणलेल्या आहेत आणि कमरेशी एक हँडल आहे. ते फिरवलं की ओल्या कपड्यांसकट मी वर जातो आणि वारा आला की गोल फिरतो. ॲडलेडच्या आसपास माझ्यासारखे हजारो आहेत, तेव्हा त्यात मिरवण्यासारखं काही नाही. माझा एक हात वाकडा आहे. तो कुणी वाकवला ते पुढे येईलच.

मी इथे आलो तेव्हा घर नव्हतं. खरंच सांगतो, घराआधी मी आलो. सत्तेचाळीस साल होतं ते. क्लॅरी पॅस्को न्यू गिनीच्या लढाईतून परतला होता, लग्न झालं होतं, जमिनीचा तुकडा मिळाला होता, पण विटा मिळत नव्हत्या, खिळे मिळत नव्हते, कौलांसाठी वर्ष वर्ष थांबावं लागायचं. मग त्याने मागच्या बाजूला पत्र्याची शेड ठोकली आणि बायको मर्ल आणि तान्हा रॉस यांना घेऊन तिथेच राहायला लागला. त्या शेडसमोर त्याने खड्डा खणून मला उभा केला.

शेजारची थेल्मा कुंपणावरून बघत होती. ती म्हणाली, "क्लॅरी, डोक्यावर छप्पर नाही आणि कपड्यांचा थाट बघ."

"पोर दिवसाला दीड डझन दुपटी भिजवतंय," क्लॅरी म्हणाला. "भिंती थांबतील. ते थांबत नाही."

हे मात्र खरं होतं. त्या वर्षी आमच्या रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे दुपटी. पुरुष लढाईवरून आले होते आणि सगळ्यांना एकदमच पोरं झाली होती. एकोणतीस घरं, त्यातली निम्मी अर्धवट बांधलेली, आणि प्रत्येक घरामागे माझा एकेक भाऊबंद पांढऱ्या दुपट्यांनी भरलेला. मर्ल पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिली तेव्हा तिच्या तोंडात दोन चिमटे होते आणि कडेवर रॉस होता. एका हाताने तिने तासाभरात सगळं वाळत घातलं. मला ती तेव्हाच आवडली.

आता त्या वाढदिवसाची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच आलं. रॉस सतरा एप्रिलला जन्मला, गुरुवारी. प्रसूतिगृहात इतकी गर्दी होती की मर्लची खाट बाहेरच्या पडवीत टाकली होती. बापांना आत सोडत नसत. क्लॅरीला पोरगा दिसला तो शनिवारी, काचेतून. तिथून तो थेट पबमध्ये गेला. आमच्याकडे पोर झालं की बापाने दोस्तांना पाजायची असते, त्याला बाळाचं डोकं भिजवणं म्हणतात. बाळ बिचारं कोरडंच असतं. पब सहाला बंद व्हायचे, म्हणून सगळे घाईघाईने पीत. पुढच्या आठवड्यात क्लॅरी नाव नोंदवायला गेला, रांगेत तासभर उभा राहिला आणि कारकुनाने जन्मतारीख विचारल्यावर त्याच्या डोक्यात शनिवार होता. त्याने ठोकून दिलं, एकोणीस.

दाखला घरी आल्यावर मर्लने तो वाचला आणि कपाळावर हात मारला. "अरे, बाळंतीण मी होते की तू?"

"करतो दुरुस्त," क्लॅरी म्हणाला. "काय घाई आहे? होऊन जाईल."

होऊन जाईल. मित्रांनो, हे दोन शब्द मी जितक्यांदा ऐकले तितक्यांदा वाराही ऐकला नसेल. छप्पर गळलं, होऊन जाईल. माझं हँडल पहिल्या हिवाळ्यातच कुरकुरायला लागलं, त्याला तेल हवं होतं, होऊन जाईल. क्लॅरी आळशी नव्हता हं. ते घर त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं, दर शनिवारी एक भिंत पुढे सरकायची. पण ज्या कामात मान खाली घालून कुणापुढे उभं राहावं लागतं, ते काम तो पुढे ढकलायचा. लढाईतून परतलेली बरीच माणसं मी तशी पाहिली.

तर त्या तारखेची पुढे गंमतच झाली. रॉसला दोन वाढदिवस मिळाले. सतराला केकचा वाढदिवस, एकोणीसला कागदाचा. सतराला माझ्याखाली टेबल मांडायचे, लोणी लावलेल्या पावावर रंगीत साखरदाणे, जेली, मटणाच्या पॅस्टी, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, आणि रस्त्यावरची तीसेक पोरं. एकोणीसला उरलेली जेली. रॉस शाळेत ऐटीत सांगायचा, "तुम्ही वर्षातनं एकदाच जन्मता. मी दोनदा." आणि मर्ल हसायची. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ती स्वतःला त्यासाठी फार बोल लावायची. वीस वर्षं मी पण हसलेच ना, म्हणायची.

पोरं वाढत होती ती मला कपड्यांवरून कळायचं. दुपटी गेली, शाळेच्या करड्या चड्ड्या आल्या. एका वर्गात अठ्ठावन्न पोरं, बाकावर दोघांच्या जागी तिघं. दुधाच्या छोट्या बाटल्या सकाळपासून उन्हात उभ्या असायच्या आणि मधल्या सुट्टीत ते कोमट दूध प्यावंच लागायचं. रॉसच्या सदऱ्यावर रोज त्या दुधाचा डाग असायचा, कारण तो प्यायच्या ऐवजी ओतून द्यायचा. त्याच्या पाठीवर लिनेट झाली, तिची दुपटी माझ्यावर आली. तिचे फ्रॉक आले. कुठेही जा, यांची गर्दी. शाळा कमी पडायची, मैदान कमी पडायचं, पुढे नोकरीच्या रांगाही यांनीच भरल्या. मर्ल म्हणायची, ही पोरं जिथे जातील तिथे आधीच पाटी लागलेली असते, जागा नाही.

आणि दुपारी ती सगळी पोरं माझ्यावर. हातांना लटकायचं आणि गोल फिरायचं, यापेक्षा मोठं सुख त्यांना ठाऊक नव्हतं. मर्ल खिडकीतून ओरडायची, "उतरा रे, मोडेल तो." रॉस आठ वर्षांचा असताना पाच जण एकाच हाताला लटकले आणि तो हात वाकला. बाकीचे पळाले. रॉस उभा राहिला. संध्याकाळी क्लॅरी आला तेव्हा तो म्हणाला, "बाबा, मी मोडला." एवढंच. आपल्या बरोबर कोण होतं ते त्याने सांगितलं नाही. क्लॅरीने माझा हात गुडघ्यावर दाबून सरळ करायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "राहू दे," म्हणाला. "होऊन जाईल."

मग निळ्या जीन्स आल्या. मर्लला त्या वाळायला दोन दिवस लागतात म्हणून राग. रॉस विजेची कामं शिकायला लागला, संध्याकाळी खिडकीतून रेडिओवरची गाणी आणि क्लॅरीची कुरकुर दोन्ही ऐकू यायची. मी सुखात होतो. माझ्या तारा रोज भरलेल्या होत्या. अशी वर्षं संपतात हे खांबाला कुठून कळणार?

रॉस वीस वर्षांचा व्हायच्या आधीच्या जानेवारीत सरकारचा फॉर्म आला. व्हिएतनाममध्ये लढाई चालू होती आणि वीस वर्षांच्या पोरांची सोडत निघायची. पिंपात लाकडी गोट्या टाकायच्या, प्रत्येक गोटीवर एक तारीख. ज्या तारखेची गोटी बाहेर येईल, त्या दिवशी जन्मलेल्यांनी फौजेत जायचं. रॉस स्वयंपाकघरात फॉर्म भरत होता. खिडकी उघडी होती.

"बाबा, तारीख कुठली घालू?"

"कागदावरची घाल. सरकारला कागद लागतो."

मर्ल म्हणाली, "आता तरी दुरुस्त करून घे की, क्लॅरी."

"अगं, पिंपात सहा महिन्यांतल्या सगळ्या तारखा. त्यात याचीच निघणार आहे का? होऊन जाईल."

मार्चच्या अखेरीस पत्र आलं. एकोणीसची गोटी निघाली होती.

त्या सोमवारी मर्ल चादरी वाळत घालत होती. थेल्मा कुंपणाशी आली. तिला अजून काही कळलं नव्हतं. ती खुशीत म्हणाली, "ऐकलंस का, माझ्या बहिणीचा पोरगा सुटला. त्याला पत्र आलं. त्याचीही तारीख एप्रिलातलीच, सतरा."

मर्लच्या हातातली चादर खाली मातीत पडली. तिने ती उचललीही नाही. थेल्माने दोनदा विचारलं, काय झालं, काय झालं. मर्ल घरात गेली, बटणांचा डबा घेऊन बाहेर आली आणि त्यातून कापडाची एक पिवळी पट्टी काढली. तान्ह्या रॉसच्या मनगटाला प्रसूतिगृहात बांधलेली. त्यावर शाईने लिहिलं होतं, पॅस्को, मुलगा, सतरा एप्रिल. ती पट्टी तिने रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती टोपी आणि हातमोजे घालून बसने शहरात गेली. परत आली ती तशीच मागे आली, क्लॅरी कामावरून आला होता आणि पायऱ्यांवर बसून बूट काढत होता.

"होतंय," ती म्हणाली. "त्या माणसाने सांगितलं. पट्टी चालेल, प्रसूतिगृहाची वही बघतील. पण ज्याने नोंदवलं त्याने स्वतः येऊन शपथेवर लिहून द्यायचं की मी चुकलो. जुलैच्या आत."

क्लॅरी बुटाची नाडी सोडत राहिला.

"क्लॅरी, ऐकतोयस ना? तू जायचंस. मी नाही चालत."

"आणि काय सांगू? प्यायलो होतो म्हणून पोराची तारीख विसरलो?"

"हो. तेच सांग."

"लढाईवरून आलेल्यांच्या क्लबातले काय म्हणतील? आम्ही सगळे गेलो, आणि पॅस्कोने पोराला तारीख बदलून सोडवलं."

"तारीख बदलायची नाहीये. जी आहे ती लिहायचीये."

"बघतो ना. सपाट पाय आहेत त्याचे. डॉक्टरच नापास करेल. होऊन जाईल."

मला वाटलं आता मर्ल मोठ्याने बोलेल. तिने हातमोजे काढले आणि माझ्यावरचे कपडे उतरवायला लागली, चिमटे डब्यात न टाकता खालीच सोडत.

सतराला केक कापला. वीस मेणबत्त्या. कुणी दोन वाढदिवसांचा विनोद केला नाही. मे महिन्यात डॉक्टरने रॉसला पास केलं, पाय बघितलेसुद्धा नाहीत. मग क्लॅरी म्हणाला, सगळ्यांना थोडंच तिकडे पाठवतात, बरेच इथेच राहतात. मग म्हणाला, तोवर लढाईच संपेल. मर्ल रोज सकाळी त्याचा सूट बाहेर काढून ठेवायची. रोज संध्याकाळी तो परत कपाटात जायचा. त्या दोन महिन्यांत त्या सुटाला तिने तीनदा माझ्यावर हवा दिली.

जूनमधल्या एका रविवारी क्लॅरी माझ्या बुंध्याशी वाढलेलं गवत कापत होता. रॉस येऊन उभा राहिला.

"बाबा, तू जाणार आहेस का त्या ऑफिसात?"

क्लॅरीने कातरी थांबवली. "तुला जायचं नाही का फौजेत? भीती वाटते?"

"वाटते," रॉस म्हणाला. "पण मी ते विचारत नाहीये. जायचं तर जाईन. तू जाणार आहेस का, तेवढं सांग. म्हणजे आईला रोज तो सूट काढायला नको."

मित्रांनो, तेव्हा क्लॅरी फक्त हो म्हणाला असता तरी पुरलं असतं. तो म्हणाला, "बघू या आठवड्यात." आणि पुन्हा गवत कापायला लागला. रॉसने मान डोलावली. त्याला राग आला नव्हता, हे मला आजही सहन होत नाही. आठ वर्षांचा असताना तो जसा उभा राहिला होता तसाच उभा होता, कुणाचं नाव न सांगता.

जुलैत तो गेला. जायच्या सकाळी मागे आला, माझ्या वाकड्या हाताला धरलं आणि पाय वर उचलले. एवढा बाप्या माणूस, मी करकरलो. मर्ल खिडकीतून म्हणाली, "उतर रे, मोडेल तो," आणि मग खिडकीतून बाजूला झाली. त्यानंतर एकदाच तो रजेवर आला. त्याचे हिरवे मोजे माझ्यावर वाळले. मग त्याला तिकडे पाठवलं.

पुढच्या वर्षी सतराला मर्लने केक केला, रॉस नसताना. एकविसावा म्हणजे मोठा वाढदिवस, रॉस आला की पुन्हा कापू म्हणाली. मे महिन्यातला एक सोमवार होता. चादरी चालू होत्या, तोंडात चिमटा होता. लिनेट घरातून धावत आली.

"आई, पुढच्या दाराशी दोन माणसं आलीत. एक फौजी आहे, एक पाद्री."

मर्लने तोंडातला चिमटा काढून चादरीला लावला. मग दुसरी चादर घेतली, झटकली, वाळत घातली. मग तिसरी. लिनेट रडायला लागली, "आई, चल ना." मर्लने बादलीतला शेवटचा टॉवेलसुद्धा घातला, हँडल फिरवून मला वर चढवलं आणि मग पायपुसण्याला पाय पुसून आत गेली. त्या चादरी पाच दिवस माझ्यावर होत्या. शेवटी थेल्माने काढल्या.

रॉसला घरी आणलं आणि इथल्याच दफनभूमीत ठेवलं. महिन्याभराने दगडावर काय कोरायचं त्याचा कागद आला, बरोबर आहे का बघून सही करा म्हणून. मर्ल तो घेऊन बाहेर आली. क्लॅरी पायऱ्यांवर बसला होता. रॉस गेल्यापासून तो तिथेच बसायचा.

"वाच," ती म्हणाली.

त्याने वाचलं. जन्म, एकोणीस एप्रिल एकोणीसशे सत्तेचाळीस.

"मी एक दिवस एक रात्र कळा दिल्या आहेत," मर्ल म्हणाली. "गुरुवार होता. माझ्या पोराच्या डोक्यावर मी तुझा शनिवार कोरू देणार नाही."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सूट बाहेर काढून ठेवायला कुणी लागलं नाही. क्लॅरीने स्वतः काढला, पट्टी खिशात घातली आणि सकाळच्या बसने गेला. मर्लने धुणं वाळत घातलं. ते अर्धंही वाळलं नव्हतं तेव्हा तो परत आला आणि फाटकातून थेट मागे येऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला.

"काय विचारलं त्यांनी?"

"काही नाही."

"प्यायला होतास का, ते?"

"नाही. कारकून म्हणाला, इथे सही करा. म्हणाला, त्या सालचे बरेच येतात. त्या वर्षी इतकी पोरं झाली की निम्मे बाप गोंधळले होते."

मर्लच्या हातात ओला सदरा होता. "किती वेळ लागला?"

"वीस मिनिटं," क्लॅरी म्हणाला.

मर्लने सदरा माझ्यावर घातला, दोन्ही खांद्यांना चिमटे लावले, सुरकुत्या ओढून काढल्या. मग घरात गेली. क्लॅरी शेडमध्ये गेला, तेलाची बुधली घेऊन आला आणि सुटातच माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. एकवीस वर्षं मी त्या तेलाची वाट बघितली होती. त्याने हँडलात तेल सोडलं, पुसलं, पुन्हा सोडलं. बरंचसं गवतातच सांडलं. माझी कुरकुर त्या दिवशी थांबली. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

त्यानंतर ती दोघं पंचवीस वर्षं या घरात राहिली. मर्लने त्याला माफ केलं का, मला ठाऊक नाही. त्याचे सदरे ती दर सोमवारी नीट वाळत घालायची, फक्त माझ्या वाकड्या हाताच्या तारेवर कधीच काही घालायची नाही. होऊन जाईल हे शब्द मी क्लॅरीच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. तो आधी गेला, मग ती. लिनेट आता स्वतः म्हातारी झाली आहे, तिने घर विकलं. नव्या मालकांना परसात गाड्या लावायला जागा हवी आहे. परवा एक माणूस येऊन माझा बुंधा मोजून गेला.

मित्रांनो, शेवटी मला तेल घाला, मला गंजू देऊ नका, असं काही मी मागणार नाही. ते दिवस गेले. तुमच्या हातून कुणाच्या बाबतीत काही चुकलं असेल, तर तो माणूस समोर येऊन विचारतोय तोवर उठा आणि जा. लाज वाटेल, वाटू द्या. क्लॅरीलाही वाटलं होतं की पुढे कधीतरी दुरुस्त करू. केलंही त्याने. दफनभूमीत जाऊन बघा, दगडावर सतराच आहे.